करदोड्याले बांधलेली चाबी

माह्या भासऱ्यायले सगळं समजते. भासरे म्हणजे माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ. ढोराचं दुखणं, पोरीचं लग्न, सरकार कुठं चुकते, डिझेलचं इंजन, सगळं. अर्ध्या हळकुंडानं पिवळे होणारे मी लय पाह्यले, पण हे तं हळकुंड न पाहताच पिवळे.

नवरा गेल्यावर त्याची पिकअप मीच चालवाले लागली. किरनापूरकडच्या वाड्यायतून वांगी, टमाटर, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या उचलाच्या अन् बालाघाटच्या मंडीत टाकाच्या. बाजाराच्या दिवशी उकव्यापर्यंत न्याच्या. गाडी कागदावर माह्या नावाची, माह्या लेकरायचं पोट तिच्यावर. पण बाईनं स्टेअरिंग धरलं हे भासऱ्यायच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्यायचा साळा गाडी घ्याले टपूनच बसलता. एकदा का गाडी बंद पडली की त्याले इकून टाकाची, असं भासऱ्यायनं घरात सांगून ठेवलतं.

दुसरी चाबी त्यायच्या कमरेच्या करदोड्याले. घरच्या मोठ्या माणसाजवळ एक चाबी पाह्यजे म्हणे. वाटलं तेव्हा यावं, गाडी काढावी, साळ्याच्या धानाचे पोते वाहावे, टाकी कोरडी करून आणून उभी करावी. अन् मी बोलू शकत नव्हती. आमच्याकडे भासऱ्यासमोर पदर घ्याचा, त्यायच्याशी सरळ बोलाचं नाही. काही असलं तं जाऊले सांगाचं, जाऊ त्यायले सांगन. जाऊ म्हणजे चाळणी. त्यायले आवडन तेवढंच खाली पडे.

दसऱ्याले गाडी धुवाची, हार घालाचा, चाकाखाली निंबू ठेवाचं. सगळेच करतात, मीही करते, पण बादलीनं अन् फडक्यानं. भासऱ्यायले ते पटलं नाही. लक्ष्मीचं पोटही धुतलं पाह्यजे म्हणे. त्यायनं बोनट उघडलं, विहिरीवरच्या मोटरीचा पाइप वढत आणला, तोंडावर अंगठा दाबला अन् पाण्याची धार इंजनात सोडली. मी पदराआडून जाऊले म्हटलं, बॅटरीजवळ कंप्यूटरचा डबा आहे, तिथं पाणी मारू नका म्हणा. जाऊनं जाऊन त्यायले चहा घेता का म्हणून विचारलं.

पूजा झाली, नारळ फुटलं, टिळा लागला. गाडी निंबू चिरडून जराशी पुढं गेली, खोकलली अन् गप झाली.

मग काय दिवे लावले बापा त्यायनं! आधी बॅटरी बदलवली. मग पंप खोलाले लावला. मग म्हणे निंबूच शिळं होतं. शेवटी गावातल्या मिस्तरीनं तो डबा काढून दाखवला. आत पाणी, पिनांवर हिरवा गंज. ईसीएम गेला म्हणे, म्हणजे गाडीचं डोकं गेलं. आमच्या घरचं डोकं तं त्याच्या लय आधी गेलतं. भासऱ्यायनं पाण्याचं नाव काढलं नाही. बाईच्या हाती गाडी देल्ली की असंच होते, हे मात्र साऱ्या गल्लीले सांगून आले. नाचता येईना तं अंगण वाकडं.

एवढ्यावर थांबतील तं ते भासरे कसले. गोंदियाच्या भंगारातून तसाच दिसणारा दुसरा डबा घेऊन आले. डब्यासारखा डबा, लावून टाका म्हणे. मिस्तरीनं लावला. स्टार्टर फिरे, पण इंजन काही धरे ना. ह्या गाड्यायचा डबा आपल्या शिकवलेल्या चाबीलेच ओळखते, परक्या चाबीले इंजन देत नाही, हे मिस्तरी सांगून राह्यलता. पण सांगता कोणाले? भासऱ्यायनं हात झटकले. गाडी मेली, साळ्याले बोलावून राह्यलो म्हणे. मले रडू नाही आलं. किळस आली.

मी गाडीले शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं वढत बालाघाटच्या वर्कशॉपात नेलं अन् माह्या गाठीच्या पैशानं नवा डबा लावला. तिथला माणूस लॅपटॉप जोडून बसला अन् म्हणाला, "दीदी, जितनी चाबियाँ हैं सब ले आइए. जो चाबी इसको नहीं सिखाई, उससे गाड़ी चालू नहीं होगी."

घरी जाऊन करदोड्याची चाबी आणता आली असती. जाऊमार्फत मागाची, मग भासरे ती घेऊन सोताच येतील, त्या माणसालेही शिकवतील. मी माही चाबी त्याच्या हातावर ठेवली.

"एकच आहे," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी साळा आला. नवीन कपडे घालून, जसा काही नवरदेव. गाडी अंगणात उभी पाहून भासऱ्यायले वाटलं, बरं झालं, दुरुस्त होऊनच जाऊन राह्यली. मले इचारलं नाही. करदोड्याची चाबी सोडली, दार उघडून बसले, साळ्याकडं पाहून मिशीतल्या मिशीत हसले अन् चाबी फिरवली. स्टार्टर फिरला. इंजन नाही धरलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. लगेच वर्कशॉपवाल्याले शिव्या सुरू. फसवलं म्हणे बाईले, डबाच खोटा लावला, बाई काय समजते त्यातलं.

मी डोक्यावरचा पदर तसाच ठेवला अन् गाडीच्या दारापाशी गेली. जाऊ दारात उभी होती. तिच्याकडं पाह्यलंच नाही.

"भाऊजी, उतरा," मी म्हटलं. "तुमच्या चाबीनं आता ही चालू होत नाही. मीच नाही शिकवली."

ते उतरले. चाबी परत करदोड्याले बांधली. मी बसली, माह्या चाबीनं गाडी चालू केली अन् वांग्याच्या फेरीले निघाली. साळा बसनं घरी गेला.

ती चाबी भासऱ्यायनं फेकली नाही. अजून करदोड्यालेच आहे. आंघोळीच्या वेळी वाजते, असं जाऊ सांगते.