अर्धी भरलेली पेटी

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्यात, ऑब्जेक्टवर आधारलेली नवी संगणकभाषा घडवणाऱ्या एका छोट्या गटात होते. प्रोग्राम चालता चालता मध्येच बिघाड झाला तर भाषेने काय करावं, हे ठरवायचं काम पहिल्यांदाच माझ्या एकटीवर सोपवलं होतं. मार्ग दोन. बिघाड जागच्या जागी दुरुस्त करून तिथूनच पुढे जायचं. किंवा काम सोडून, पसारा आवरत मागे यायचं आणि ज्याने काम सांगितलं त्याला कळवायचं. पहिला मार्ग माझा लाडका. केलेलं वाया जात नाही ना! तोच मांडायचा असं ठरवून, मसुद्याचे कागद घेऊन मी चार दिवस गावी, पांढुर्ण्याला आले.

घरी संत्र्याची तोड चालू होती. मोठी आई, म्हणजे माझी थोरली चुलती, पेट्या भरत होती. मीही शेजारी बसले. माझी तिसरी पेटी निम्मी भरली आणि आत एक सडकं फळ हाताला लागलं. ते काढून मी तिथे चांगलं ठेवलं.

“काय करून राहिली वं?”

“सडकं काढलं. झालं!”

“अन् त्याचं पाणी खाली गेलं असन तं? उपडी कर पेटी.”

“अवं, निम्मी भरली ना!”

“म्हणूनच. खिळे ठोकल्यावर कोण पाहीन?”

मी फणफणत पेटी उपडी केली. खालची दोन फळं ओली निघाली. मोठ्या आईने पेटीत अंथरलेलं तणस झटकून बाजूला ठेवलं, चांगली फळं ढिगात टाकली आणि मगच मोठ्या बाबांना, म्हणजे पेट्या भरायला सांगणाऱ्या थोरल्या काकांना, हाक मारली, “ऐकलं का जी? एक पेटी मोडली. काय करू?”

“राहू दे. गाडीले टाइम नाही. तो माल सुटाच जवळ सौंसरच्या बाजारात नेऊ.”

सड तिला दिसली होती, गाडीची वेळ त्यांना ठाऊक होती. माझ्या मार्गात मात्र सगळं ठरवणार पेटीपाशी बसलेलीच, आणि खाली काय भिजलं ते कुणी पाहणारच नव्हतं. त्याच दुपारी मी माझे कागद खोडले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुण्यात साहेब म्हणाले, “होत आलेलं काम टाकून द्यायचं? महागात पडेल.”

“पडेल. पण खिळे ठोकल्यावर कोण पाहील?”

खिळे कसले, ते समजावून सांगावं लागलं. दुसरा मार्ग मान्य झाला आणि मी आनंदाने मोठ्या आईला पत्र टाकलं.

तिचं उत्तर आलं: “बरं झालं. तू कागद खोडत बसली होती तवा तुह्या पहिल्या दोन पेट्याही म्या उपड्या करून पाहिल्या. चांगल्या होत्या.”