शाळेतल्या चुली

"साहेब, आज कोरड्यास नाई आलं तं आमी घरी चाललो," शाळेच्या भिंतीवर बसून धनलाल म्हणाला. कोरड्यास म्हणजे भाताबरोबरचं कालवण.

हैदराबादच्या बांधकामावरून परतलेले गावातले मजूर आम्ही शाळेत ठेवले होते. याला क्वारंटाइन म्हणतात: आजार असो-नसो, ठरलेले दिवस सगळ्यांपासून लांब राहायचं. मी ग्रामसेवक, म्हणजे गावातला सरकारचा माणूस, नोकरीत नवा. धनलालच्या घरी दमेकरी आई होती. त्यानं भिंतीवरून उडी मारली असती, तर आजार थेट तिच्या खाटेपर्यंत गेला असता.

कॉलेजात मी चळवळीची पत्रकं वाचत, वाटत वाढलो. संकटात सरकारनं लोकांचं पोट भरलंच पाहिजे, हे माझं ठाम मत. म्हणून आधी तालुक्याला फोन केला.

"तांदूळ दिला ना?" तिकडून विचारलं.

"तांदूळच दिला, सर. डाळ?"

"डाळीला मशीनवर अंगठा लागतो. पाठवा त्यांना रेशन दुकानात."

"सर, ते क्वारंटाइनमध्ये आहेत."

"मग सुटल्यावर पाठवा."

तेवढ्यात गोंदियाचा शेठ भाजीचा टेम्पो घेऊन आला. "टमाटर है साहब, पर रेट डबल लगेगा."

"महामारीत नफा कमावता?"

"महामारी में डीजल फ्री है क्या?"

मी त्याला नफेखोरीवर ऐकवायला सुरुवात केली. ऐकता ऐकताच त्यानं टेम्पो वळवला. भाजीही गेली.

उरली गावाची बोडी. म्हणजे लहान तलाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यातले मासे काढून गावात वाटतात. यंदा मोजकेच लोक पाण्यात उतरले होते. वाटप गावातल्या वयस्कर ताराचंदबाबांकडे.

"बाबा, शाळेलाही वाटा द्या."

"कायले नाई देऊ? जेवढ्या चुली, तेवढे वाटे. शाळेत चुली कितीक?"

"एक. पण तिच्यावर अख्खी टोळी जेवते!"

"माह्या घरी नऊ तोंडं हायेत जी. मलेबी एकच वाटा."

ती एक चूल माझीच कल्पना होती. सामुदायिक स्वयंपाकावर भाषण देऊन मी ती पेटवली होती. परत येऊन धनलालला सगळं सांगितलं. तो भिंतीवरून आतल्या बाजूला उतरला.

थोड्या वेळानं शाळेवर धूर दिसला. मी धावत गेलो. मैदानभर, जिथं ज्याला जागा मिळाली तिथं, प्रत्येकानं तीन विटा मांडून आपापली चूल पेटवली होती. धनलालच्या दोन होत्या.

"अरे, आपलं एकत्र जेवायचं ठरलं होतं!"

"जेवू ना जी एकत्रच. पयले मासे तं येऊ द्या."

ताराचंदबाबा फाटकाबाहेर उभे राहिले. "धूर दिसून राहिला. पन भांडं कुठी हाय? बिनभांड्याची चूल आमी मानत नाई."

पळापळ झाली. कोणी डबा ठेवला, कोणी बालटी. एकानं सिमेंटचं घमेलं चढवलं.

"का शिजून राहिलं रे त्यात?"

"पानी, बाबा."

बाबा हसले नाहीत. पाणी नियमात बसत होतं. मग त्यांनी धनलालकडे बोट केलं. "हे दुसरी कायची?"

"चायची."

"मोड."

दिवस मावळायच्या आत फाटकाशी मासे आले. सगळ्यांनी ते एकाच गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, शिजवले. भिंतीकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी तपासणीला डॉक्टर मॅडम आल्या. लांब लांब मांडलेल्या चुली बघून थबकल्या. "वा! स्वयंपाकातही अंतर? कुणी शिकवलं?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं.

"साहेबानं," धनलाल म्हणाला. "लय कडक हायेत."

मॅडमनी वर कौतुक कळवलं. इतर गावांनीही असंच करावं, असा मेसेज ग्रुपवर आला. मुदत संपल्यावर धनलाल फाटकातून, सरळ रस्त्यानं आईकडे गेला.

संकटात सरकारनं पोट भरलंच पाहिजे, हे माझं मत अजून तेच आहे. फक्त भाषण आता जेवणं झाल्यावर देतो.