ढोलामागे धावणारा सिंथेसायझर

शिरूरच्या स्टँडवर कंडक्टरने माझी पेटी दोन्ही हातांनी खाली दिली आणि विचारलं, "ताई, पार्लरचं सामान का?"

"वाद्य आहे," मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही, पण त्याने पेटी जपून ठेवली.

पेटीत माझा मॉड्युलर सिंथेसायझर होता. याला पट्ट्या नसतात आणि तयार सूरही नसतात. छोटी छोटी मॉड्यूल असतात. एक आवाज काढतं, दुसरं तो गाळून घेतं, तिसरं ठरावीक लयीत विजेच्या टिचक्या देतं. कशाला काय जोडायचं ते आपण वायरी लावून ठरवायचं. यातली बहुतेक मॉड्यूल मी नाशिकला घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोल्डरिंग करून बनवली आहेत.

मला न्यायला सलीम आला होता. त्याचा साउंड सिस्टिम भाड्याने देण्याचा धंदा, आणि छंद माझाच. सर्किटच्या आकृत्या एकमेकांना पाठवत आमची ओळख झाली. प्रत्यक्ष भेट मात्र ही पहिलीच. त्याच्या बायकोने, शबानाने, जेवायला शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या तिखट रश्शात शिजवलेल्या) केली होती. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि तरीही मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मला बोलावण्याचं कारण सलीमने जेवतानाच सांगितलं. मांडवगण फराट्याला धनगर मंडळींचा गजी नाच (ढोलाच्या तालावर रिंगण धरून केलेला नाच) होता. तिथलं साउंड नेहमी तोच लावतो. मागच्या खेपेला स्पीकर तपासताना त्याने आपला सिंथेसायझर जोडला, तो ढोल वाजवणाऱ्या आप्पांनी ऐकला आणि म्हणाले, पुढच्या टायमाला आमच्यासंगं वाजव.

"व्हय म्हणून बसलो," सलीम म्हणाला. "पर लोकांफुडं कवा वाजवलं न्हाई, ताई. ह्याच गावांत माझा धंदा हाय. फसलं तर तोंड कुठं दाखवू?"

"फसणार नाही," मी म्हटलं. मला तशी खात्रीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या टेम्पोतून निघालो. न्हावरा सोडल्यावर रस्ता उसाचा होतो. दोन्ही बाजूंना ऊस, पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीतून डांबरावर पडलेली कांडी. ट्रॅक्टरला ओलांडायला जागा मिळेना, म्हणून बराच वेळ आम्ही त्याच्या मागून बैलगाडीच्या चालीने गेलो.

देवळासमोरच्या पटांगणात लोक जमले होते. आप्पा उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी आमच्या वायरींच्या जंजाळाकडे पाहून एवढंच विचारलं, "शॉक बसत न्हाई ना कुणाला?" आणि ढोल गळ्यात अडकवला.

सुरुवात झकास झाली. रुमाल हवेत फिरू लागले, सलीमचा खालचा घुमारा ढोलाखाली बसला, वर माझा बारीक सूर. मग आप्पांनी लय वाढवली. आमच्या टिचक्या आपल्या जुन्याच चालीने चालत राहिल्या. मी बटण फिरवून वेग वाढवला तर आप्पा त्याच्याही पुढे गेले. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले, रिंगण तुटलं. कोणीतरी मागून ओरडलं, "सल्या, बंद कर ते."

आप्पांनी ढोल थांबवला. "आमचं नाचनाऱ्याच्या पायावर असतंय," ते शांतपणे म्हणाले. "तुमचं मशिन कुनाकडं बघतंय?"

सलीमचा हात मुख्य बटणाकडे गेला होता. मी तो धरला. "टिचक्या देणारं मॉड्यूलच काढून टाकू," मी म्हटलं. "तुझ्याकडे पीझोची चकती आहे?" ही पातळ पितळी चकती, बसलेला धक्का पकडणारी. सलीमच्या डोळ्यांत चमक आली. "ढोलाला चिकटवायची," तो म्हणाला आणि टेम्पोकडे पळालाच.

आप्पांच्या परवानगीने त्याने चकती ढोलाच्या कडेला चिकटपट्टीने लावली आणि लांब वायर माझ्या पेटीपर्यंत आणली. आता प्रत्येक टोल्याला आमच्या वाद्यांना टिचकी मिळणार होती. आधी बारीकसारीक टोलेही धरले गेले आणि आवाज नुसता तडतडला. मी बटण हळूहळू मागे घेतलं. मग फक्त भारी टोला उरला.

"आप्पा, वाजवा आता मनाला येईल तसं," सलीम म्हणाला.

आप्पा मुद्दाम हळू गेले, मध्येच थांबले, पुन्हा उसळले. आवाज दर वेळी त्यांच्याबरोबर. त्यांनी एकदा मागे वळून आमच्याकडे पाहिलं आणि नंतर विसरूनच गेले. रिंगण पुन्हा जुळलं. सूर्य उसाआड जाईपर्यंत नाच चालला. सलीम डोळे मिटून बटणं फिरवत होता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

सामान आवरताना आप्पांनी चकती स्वतःच काढून सलीमच्या तळहातावर ठेवली. "केंदूरला बोलावलंय आमाला," ते म्हणाले. "ये तिकडं. ह्या बाईंना जमलं तर त्यांना बी आन."

दुसऱ्या सकाळी भीमेचा पूल ओलांडून सलीमने मला दौंड स्टेशनवर सोडलं. फलाटावर चहा घेताना तो म्हणाला, "ताई, तुमी हात धरला नसता तर मी बंदच केलं असतं."

"चकती तूच लावलीस," मी म्हटलं. गाडी लागली, त्याने पेटी डब्यात चढवून दिली.

नाशिकला येऊन मी पुन्हा टेबलाशी बसले. इतकी वर्षं इथे एकटीने वाजवताना प्रत्येक टिचकी मीच ठरवत आले, आणि त्यात मजाही होती. पण कुठे थांबायचं हे दुसऱ्या कोणाच्या हातावर सोडून वाजवण्यात जे भान लागतं, ते मांडवगणला पहिल्यांदा कळलं. त्याच आठवड्यात मी गल्लीपलीकडच्या ढोल पथकाच्या सरावाला पेटी घेऊन गेले. तिथल्या प्रमुख मुलीने विचारलं, "तुम्ही नक्की काय वाजवणार?"

"अजून माहीत नाही," मी म्हटलं. "तुम्ही सुरू करा."