उठला का?

"मेलो का बरोबर?" नाटकात मरून झालं की अंगावरची धूळ झटकत माझा दोस्त हेच विचारायचा.

हे तो शिकला उसाच्या फडात. आमच्या बंजारा तांड्यातली बहुतेक घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची. त्याचं घरही. मोळ्या उचलून जीव नको झाला की हा पोट धरून असा लोळायचा, की मुकादम स्वतः पाणी आणून द्यायचा. मुकादमाची पाठ वळली की आम्हा पोरांना डोळा मारून, "मेलो का बरोबर?"

मी तांड्यातला पहिला बीए. अभिमानानं सांगतो. पण आमचा तांडा ओळखायचे ते त्याच्यामुळे. "तो मरणारा पोट्टा तुमचाच ना?"

तुम्ही महागावकडची नाटकं पाहिली असतील तर ठाऊक असेल. गोळी लागून तो पडला की लोक ओरडायचे, "वन्समोर!" तो उठायचा, धोतर झटकायचा.

"थकलो ना बाप्पा. पुन्हा मरू?"

"मर ना बे!"

असं लोक ओरडले की पुन्हा मरायचा, आधीपेक्षा झकास.

त्याची आई, आमची सगळ्यांची याडी, पहिल्या रांगेत बसायची. तो पडला की पाठ फिरवायची आणि शेजारणीला विचारायची, "उठला का?" उठला म्हटल्यावरच वळायची.

मागच्या वर्षी त्याला कावीळ झाली. यवतमाळच्या दवाखान्यात नर्सला हसवत होता. तिथून परत आला नाही. तिशीही गाठली नव्हती त्यानं.

त्याच्यावर फिल्म करायची म्हणून मी कळंब, बाभुळगाव, महागाव, जिथं जिथं तो मेला होता तिथं फिरलो. लोक मोबाईल काढून द्यायचे. पण सगळ्यांचं शूटिंग तो पडला की बंद. याडी म्हणाली, "मले नको दाखवू. मरताना एकदा पाह्यला, पुरे झालं." तिनंच पाहायची नाही, तर फिल्म करायची कायले? अगदी थकून गेलो.

शेवटी बाभुळगावच्या एका मंडपवाल्याकडे तो पडल्यानंतरचंही शूटिंग सापडलं. वन्समोर ओरडण्याच्या नादात मंडपवाला मोबाईल बंद करायलाच विसरला होता.

फिल्म जुळवली आणि तांड्यात देवळासमोर पडदा लावला. याडीला कसंबसं आणून बसवलं. पडद्यावर तो पडला. तिनं पाठ फिरवली. पडद्यातले लोक वन्समोर ओरडत होते, देवळासमोर कोणी ओरडलं नाही.

"उठला का?" तिनं मला विचारलं.

"उठून राह्यला, याडी."

ती वळली. तो धोतर झटकत होता.

फिल्म संपली. याडीनं ती शेवटपर्यंत पाहिली.