दहा ते चार, फुकटची मुंबई

हरीभाऊ गद्र्यांना मुंबई किती माहीत होती म्हणून सांगू! गेटवे कुठे आणि राणीची बाग कुठे, हे काय, कुणीही सांगेल. पण भर दुपारी फोर्टात पंख्याखाली बसायला कुठे मिळतं, गार पाणी कुठे, स्वच्छ मुतारी कुठे, कुठल्या बागेतला माळी डबा खाऊ देतो आणि कुठला काठी घेऊन येतो, हे ज्याला कळलं त्यालाच मुंबई कळली, असं त्यांचं ठाम मत होतं.

हे ज्ञान त्यांना हौसेने मिळालेलं नव्हतं. भिवंडीच्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं ते आवक-जावक कारकून होते. साहेबाला एखादा कागद मंत्रालयात हातोहात पोचवायचा असला की हाक यायची, "गद्रे, निघा." सकाळी दहाला खिडकीत पाकीट द्यायचं, आपल्याकडच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची आणि उत्तराचं पाकीट मिळायचं चारनंतर. मधले सहा तास करायचं काय? भत्ता मिळायचा तो बेताचा, त्यात हॉटेलात कोण बसणार? म्हणून मग या गृहस्थाने सगळा फोर्ट पालथा घातला आणि बसण्याच्या जागा हेरून ठेवल्या.

बायकोला मात्र एकदाही नेलं नाही. सुमतीबाई लग्नानंतर चारदोनदा म्हणाल्या, "मला न्या की हो एकदा." तर उत्तर काय, तर म्हणे, "अगं, ड्युटी असते ती, सहल नव्हे." पुढे पुढे त्यांनी म्हणणंच सोडलं. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी ते राहूनच गेलं. माणसं अशीच असतात, दुसरं काय!

आणि शेवटी नेलं ते या अशा कामाला. सुमतीबाईंच्या डाव्या छातीत गाठ लागली. भिवंडीच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिथे तुकडा काढून तपासायला घेतला आणि दहा दिवसांनी, शुक्रवारी, या म्हणाले. त्या दहा दिवसांत त्या रोगाचं नाव घरात कुणी घेतलं नाही. पुण्याहून लेक वल्लरी दिवसातून तीनदा फोन करायची आणि "आई, जेवलीस का?" एवढंच विचारायची. हरीभाऊ सकाळ-संध्याकाळ कुलूप, गॅस आणि वीजबिल या तीनच विषयांवर बोलायचे.

शुक्रवारी पहाटे दोघं निघाली तेव्हा आळी चिडीचूप होती. शुक्रवारी यंत्रमागांना सुट्टी. एरवी मागच्या गल्लीतल्या खडखडीला उठताबसता शिव्या घालणाऱ्या सुमतीबाई कुलूप लावता लावता म्हणाल्या, "मेले आजच बंद असायचे होते."

हॉस्पिटलात तपासणीच्या खिडकीवर दहाच्या आत पाकीट मिळालं. खाकी, चिकटवलेलं, वर डॉक्टर अपूर्वा मॅडमचं नाव. मॅडम चारला येणार. सुमतीबाई बाकावरून पाकिटाकडे बघत म्हणाल्या, "फोडा."

"छे! डॉक्टरांच्या नावाचं आहे."

"गाठ माझी आहे ना?"

"असेल. पाकीट त्यांचं आहे. आणि आतलं इंग्रजी वाचून आपण काय दिवे लावणार?"

एकतीस वर्षांत हरीभाऊंनी दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडलं नव्हतं. सुमतीबाई उठून नळावर बाटली भरायला गेल्या. परत आल्या तेव्हा हरीभाऊ पिशवीची चेन लावत दारापाशी उभे होते. चेहरा बराच उतरलेला होता, तो आता जरा हलका दिसत होता. "चल," ते म्हणाले, "चारपर्यंत इथे फिनेलच्या वासात बसायचं नाही. तुला माझी मुंबई दाखवतो."

आधी नेलं ते चित्रांच्या गॅलरीत. सुमतीबाई पायरीवरच थबकल्या. "तिकीट?" "फुकट." "मग चपला कुठे काढायच्या?" "काढायच्या नाहीत. ऐटीत आत शिरायचं." आत गारेगार. भिंतीवर कुणा पोरीने काढलेली गावाकडची चित्रं होती. ती पोरगी स्वतःच खुर्ची टाकून बसलेली, तिने सुमतीबाईंपुढे अभिप्रायाची वही केली. आधीच्या लोकांनी इंग्रजीत काय काय लिहिलं होतं. सुमतीबाईंनी चष्मा लावला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, "चित्रे चांगली आहेत. तीन नंबरच्या चित्रातील बाईने पाट्यावर वरवंटा आडवा धरायला हवा, तिने उभा धरला आहे. असे वाटण होत नाही." पोरीने वाचलं आणि खळखळून हसली. "मावशी, अख्ख्या आठवड्यात कुणाच्या लक्षात आलं नाही!" सुमतीबाई बाहेर येईपर्यंत गालात हसत होत्या.

मग हॉर्निमन सर्कलच्या बागेत, डाव्या हाताच्या तिसऱ्या बाकावर डबा. पोळी, फ्लॉवरची भाजी, कैरीचं लोणचं. हरीभाऊ सांगत होते, हा बाक बारानंतर सावलीत येतो, त्या पलीकडच्यावर कावळे बसतात, तिकडे जायचं नाही. सुमतीबाई ऐकता ऐकता एकदम म्हणाल्या, "तुम्ही इथे एकटेच बसायचात? इतकी वर्षं?"

"मग काय करणार?"

"मी तिकडे भिवंडीत एकटी जेवत होते आणि तुम्ही इथे. मला न्यायला काय धाड भरली होती हो तुम्हाला?"

हरीभाऊंनी लोणच्याची फोड उगाचच दोनदा चोखली. पण सुमतीबाईंच्या बोलण्यात राग कमी होता आणि पोळी त्या पोटभर खात होत्या. दहा दिवसांत पहिल्यांदा.

तिथून ओव्हल मैदान. झाडाखाली कठड्याला टेकून दोघं कुठल्याशा कंपनीच्या पोरांची मॅच बघत उभी राहिली. एका ढेरपोट्याने सोपा झेल सोडला तशा सुमतीबाई ओरडल्या, "अरे, हात आहेत की सुपं!" ढेरपोट्याने वळून नमस्कार केला. त्यापुढचा तासभर त्यांनी हॉस्पिटलचं नाव काढलं नाही आणि हरीभाऊंनाही मनापासून बरं वाटलं. आपण दाखवलेली मुंबई बायकोला आवडली, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं की ते दोनदा तिच्यासाठी पाणी आणायला गेले.

चारला दोघं अपूर्वा मॅडमच्या खोलीत. तरुण पोरगी, पण डोळे शांत. "रिपोर्ट द्या, काका."

हरीभाऊंनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि पुढे केला. तो हॉस्पिटलचाच केसपेपर, त्याच्या पाठीवर जांभळा शिक्का, नंबर आणि तारीख.

"हे काय?"

"पोच. पाकीट सकाळीच आपल्या आवक खिडकीत जमा केलंय. आपल्या नावाने."

मॅडमनी कागद उलटसुलट करून बघितला. "अहो काका, तो रिपोर्ट तुम्ही हातात घेऊन यायचा होता! तिकडे दिलेलं टपाल माझ्याकडे केव्हा येईल याचा नेम नाही. मी साडेचारपर्यंत आहे, मग थेट मंगळवारी."

मंगळवारी! म्हणजे आणखी चार रात्री. सुमतीबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. हरीभाऊ खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. दाराबाहेर आल्यावर सुमतीबाईंनी त्यांची बाही धरली.

"मी पाणी भरायला गेले तेव्हा दिलंत ना?"

"हो."

"विसरून?"

हरीभाऊंनी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "नाही गं. मला ते पाकीट पिशवीत बाळगवेना. दिवसभर ते घेऊन तुझ्याबरोबर हिंडायचं म्हणजे... मला भीती वाटत होती. समोर खिडकी दिसली. पोच घेतली की आपली जबाबदारी संपली, असं वाटलं. जन्मभर तेच केलं ना."

सुमतीबाईंनी बाही सोडली. "जा," त्या म्हणाल्या, "घेऊन या. मी इथे बसते. आणि जिन्यावरून धावू नका, पडाल."

ते धावलेच. आवक खिडकीचं दार अर्धं ओढलेलं आणि आतला माणूस हात पुसत डबा पिशवीत घालत होता. चालू खिडकी बंद होण्याची वेळ हरीभाऊंपेक्षा कुणाला ठाऊक! त्यांनी दारात बोटं घातली आणि श्वास लागल्या आवाजात सगळं सांगितलं. भिवंडी, सकाळचं पाकीट, बायको, साडेचार.

"भिवंडी? मी तिथल्याच शेलार गावचा, काका," तो म्हणाला. काळूराम त्याचं नाव. "आज दहा मानसं इथं तेच सांगून गेलीत, पन पोच दाखवनारा तुमी एकलाच. नंबर सांगा."

"एकवीसशे सतरा."

काळूरामने रजिस्टरवरून बोट फिरवलं. "दुपारच्या बटवड्यात गेलंय. तिसरा मजला, डॉक्टरांच्या नावाच्या खनात असंल. नसंल तं शिपायाच्या पिशवीत, आन तो गेला घरी."

त्याने हरीभाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डबा ठेवला, चाव्या घेतल्या आणि म्हणाला, "चला, मी येतो. काई होत न्हाय."

तिसऱ्या मजल्यावर भिंतभर लाकडी खण. काळूराम वरून शोधत होता, हरीभाऊ खालून. दिवाळीच्या शुभेच्छा, औषध कंपन्यांची पत्रकं, कसल्या कसल्या सूचना. एकतीस वर्षांत आपण अशी किती पाकिटं कुठल्या कुठल्या खणात लोटली आणि मागे वळून बघितलं नाही, कुणाकुणाचा जीव त्यांत अडकला असेल, हे त्यांच्या आत्ता डोक्यात आलं.

"हे बघा!" काळूरामने खाकी पाकीट वर धरलं.

मॅडम पर्स खांद्याला लावून उभ्याच होत्या. चार पस्तीस. त्यांनी उभ्या उभ्याच पाकीट फोडलं, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, पुन्हा पहिलं वाचलं. हरीभाऊ भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. सुमतीबाई मात्र थेट मॅडमच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कॅन्सर नाहीये, काकू," मॅडम म्हणाल्या. "साधी गाठ आहे. काढायचीही गरज नाही. सहा महिन्यांनी दाखवायला या, बस्स."

"नक्की?" सुमतीबाईंनी विचारलं.

"अगदी नक्की. आणि काका, पुढच्या वेळी पाकीट हातात आणा हं."

बाहेर रस्त्यावर ऊन कलतं झालं होतं. समुद्राच्या कठड्यापर्यंत दोघं चालत गेली. कठड्यावर बसता बसता हरीभाऊंनी सवयीने घड्याळ बघितलं. "आत्ता निघालो तर ठाण्याहून भिवंडीची साडेसहाची एसटी..."

"बसा हो मुकाट्याने," सुमतीबाई म्हणाल्या. "आता कुणाचं काय अडलंय?"

खरंच की. कुणाचं उत्तर यायचं नव्हतं, कुठली खिडकी उघडायची नव्हती. हरीभाऊंच्या हनुवटीला कंप सुटला, त्यांनी तो आवरायचा प्रयत्न केला आणि तो आवरला नाही. भरल्या रस्त्याकडे पाठ करून ते लहान मुलासारखे रडायला लागले.

सुमतीबाईंनी पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं, चष्मा वर केला आणि मोबाइल काढून पुण्याला फोन लावला.

"वल्लू? अगं, काही नाही निघालं. साधी गाठ... हो, हो, नक्की, दोनदा विचारलं मी... बाबा ना? हे काय, शेजारीच बसलेत. रडतायत... नाही गं, काही झालं नाहीये त्यांना. रडू दे जरा. दहा दिवस राहिलंय त्यांचं."