कढईतला भात

वडील लखनऊच्या एका संशोधन संस्थेत होते, म्हणून आम्ही अलीगंजमध्ये राहायचो. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. सगळ्यांची जेवणं आटोपली की आई पाटावर बसायची, भाजीच्या रिकाम्या कढईत भात घालायची आणि कडेला चिकटलेला मसाला, तेल, करपलेला कांदा पुसून घेत कालवायची. माझं जेवण झालेलं असायचं, तरी मी तिच्यासमोर बसून आ करायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दोन-चार घासांची आठवण आली की अजून जीव कासावीस होतो.

घरी बायकांचं एक हिंदी मासिक यायचं. एका अंकात मागच्या पानावर जाहिरात होती. पांढऱ्या साडीतली एक चवळीची शेंग नवऱ्याला आणि मुलांना तुपातल्या टम्म पुऱ्या वाढत होती आणि तिच्या स्वतःच्या हातात कसल्याशा पावडरीचा ग्लास होता. खाली लिहिलं होतं, ‘खिलाइए जी भरके, रहिए छरहरी.’ आतल्या पानावर शाही तुकड्याची कृती होती, वरून साय घालायला विसरू नका, या सूचनेसकट.

“छरहरी म्हणजे काय गं?” आईने विचारलं.

“पतली. सुंदर.” घरात सगळे मराठी बोलायचे, मी उत्तरं हिंदीत द्यायची. वर शहाणपणा पाजळला, “मम्मी, आप भी ऐसी हो जाओ ना. स्कूल में सबकी मम्मी ऐसी हैं.”

सगळ्यांच्या नव्हत्या. एकीचीच होती.

आई हसली. पण पुढच्या सोमवारी पावडरीचा डबा घरात आला. त्याच दिवशी तिने शाही तुकडाही केला, आमच्यासाठी. दोन्ही पानं तिने मनावर घेतली होती.

तिला डाएट हा उपासच वाटायचा. देवापुढे निरांजन लावून तिने पहिला ग्लास घेतला. संकष्टीला मात्र ग्लास बंद. “त्यात काय काय घालतात कोण जाणे, उपासाला चालायचं नाही,” असं म्हणून ती त्या दिवशी भरपूर तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी खायची. बाबा म्हणायचे, “चला, महिन्यातून एकदा तरी जेवतेस!”

एरवी कढई थेट मोरीत जायची. मी सवयीने समोर जाऊन बसायची, ती नाक मुरडत ग्लास संपवायची. मी भूक लागली म्हटलं की लगेच ताट वाढायची. मला ताट नको होतं. पण कढईतला भात मागायला तोंड कुठे होतं? सुरुवात मीच केली होती.

जाहिरातीतल्या त्या बाईवर माझा अजून राग आहे. वाढणारीने खायचं नाही, आणि हे सांगायचं तेही कौतुकाच्या सुरात!

तीनेक वर्षांनी त्याच मासिकात साखर नसलेल्या बिस्किटांची जाहिरात आली. ‘अब अपने लिए भी जिएँ, बेफ़िक्र खाएँ.’ आईने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाली, “बघ, आता खा म्हणतायत!” कुणीतरी परवानगी दिल्यासारखा तिचा चेहरा खुलला होता.

बिस्किटं तिने आणलीच नाहीत. त्या रविवारी भरली वांगी केली. आमची जेवणं झाल्यावर पाटावर बसली, कढईत भात घातला आणि मला हाक मारली.

मी चौदा वर्षांची होते. मासिकातल्या बारीक बायका कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या होत्या. आईने घास पुढे केला. दाण्याच्या कुटाचा, काळ्या मसाल्याचा तो वास मला आत्ताही येतो.

“नहीं मम्मी, बहुत तेल है,” मी म्हटलं.

तो घास आईने स्वतःही खाल्ला नाही. परत कढईत ठेवला, उठली आणि कढई मोरीत नेऊन ठेवली.