एक्स्चेंजबाईंची सतरावी ओळ

बाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले आणि त्यांतला एकही ऐकला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग वकिलाचं दुसरं बिऱ्हाड आणि मुख्याध्यापकांची मूळव्याध त्यांना कुठून ठाऊक, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. गल्ली त्यांना एक्स्चेंजबाई म्हणे.

निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत त्या घरातल्यांच्या जिवावर उठल्या. तेव्हा सुनेनेच त्यांना कामाला लावलं. सून शिकलेली, पण असलं काही शिकलेली की चारचौघींत सांगायची सोय नाही. मेलेल्या ख्रिस्ती साधूंची पत्रं ती वाचत असे, तीही सुरियानी नावाच्या जुन्या भाषेत. "दुसऱ्यांची पत्रं? त्यांना चालतं?" असं शेजारीण म्हणाली, तेव्हा बाईंना सुनेपेक्षा शेजारणीचंच पटलं होतं.

दीड हजार वर्षांपूर्वी एका मठाच्या मुख्याने आपल्या साधूंना ही पत्रं लिहिली. मूळ पानं केव्हाच मातीला मिळाली. उरल्या त्या नकला आणि नकलांच्या नकला. त्यातल्या एका नकलेवरून मोठ्या सरांनी, म्हणजे सुनेच्या गुरूंनी, जाडजूड पुस्तक छापलं होतं. सुनेकडे दुसऱ्या, अधिक जुन्या नकलेचे फोटो होते. दोन्ही ताडून पाहायचं काम. एकीने फोटोतलं एकेक अक्षर मोठ्याने म्हणायचं, दुसरीने छापील ओळीवर बोट फिरवायचं, फरक आला की खूण करायची.

"अगं, पण मला ती भाषा येत नाही."

"म्हणून तर तुम्ही हव्यात, आई. भाषा येणारा माणूस समोर आहे ते वाचत नाही, असायला हवं ते वाचतो. नकला करणाऱ्या साधूंनीही तेच केलं. अर्थ कळला की लागले सुधारायला. तुम्ही नुसती अक्षरं सांगायची. अर्थ विचारायचा नाही."

"मी तीस वर्षं तेच केलंय," बाई म्हणाल्या.

अक्षरं बावीस, तीही उजवीकडून डावीकडे. गळ, बगळा, कुबडी अशी नावं ठेवून बाईंनी ती आठवड्यात पाठ केली. नऊ वर्षं, रोज दहा ते साडेअकरा, त्या खुर्चीवर बसल्या आणि एकदाही चुकल्या नाहीत. "माझ्या सासूबाईंसारखा डोळा कुठल्या विद्यापीठात नाही," असं सून परिषदांतून सांगे. घरात त्यांच्या हातच्या चहालाही कोणी कधी एवढं बरं म्हटलं नव्हतं. त्या खुर्चीवर बाईंचा जीव होता.

त्यांनी अर्थ कधी विचारला नाही. त्या ऐकायच्या. सून सरांशी फोनवर बोलायला लागली की बाई दाराआड शेंगा सोलायला बसत. नऊ वर्षांत त्यांनी सोललेल्या शेंगांवर एखादा मठ पोसला गेला असता.

असंच एकदा छत्तिसावं पत्र त्यांच्या कानावर पडलं. मठाच्या दारावर एक म्हातारा साधू होता. तो रोज एकेका कोठडीला कान लावायचा. मुख्याला ते समजलं. सतराव्या ओळीत मुख्याने लिहिलं होतं, त्याला दारावरून काढा आणि त्याचं ताट उंबऱ्याबाहेर ठेवा. सून हे फोनवर हसत हसत सांगत होती. बाईंना हसू आलं नाही. 'मुख्याला तरी कसं समजलं?' त्यांच्या मनात आलं. 'कोणीतरी कान लावूनच सांगितलं असेल ना, मेल्यानं?'

मंगळवारी ते पान समोर आलं. बाईंनी सोळावी ओळ संपवली आणि सरळ अठरावी सुरू केली. आवाज अगदी ड्युटीवरचा.

सुनेचं बोट थबकलं. "आई, सोळावीपासून पुन्हा सांगा."

बाईंनी पुन्हा तसंच सांगितलं. पहिल्यांदा जीभ घसरली म्हणता आलं असतं. दुसऱ्यांदा ती सोयही गेली.

सून उभीच राहिली. "या नकलेत ती ओळ नाहीच. शिक्षा मागाहून कोणीतरी घुसडलीय. सरांनी त्या एका ओळीवर अख्खं प्रकरण लिहिलंय, आई. आजच कळवते त्यांना."

"फोटो एकदा तू बघितलास तर?"

"तुम्ही बघितलात ना? मग झालं."

आता आली पंचाईत. गप्प राहावं तर सुनेचं जगभर हसं होणार. बोलावं तर खुर्ची गेली. बाईंनी चहा केला, दोन कप भरून आणले. तोवर सुनेचं पत्र टाइप होऊन तयार होतं.

"पाठवू नकोस," बाई म्हणाल्या. "ओळ आहे."

"कुठे?"

"जागच्या जागी. मी गाळली."

"का?"

"म्हातारा माणूस. त्याला काय उंबऱ्याबाहेर जेवायला बसवायचं?"

सुनेने कप बाजूला सारला. "उंबऱ्याबाहेर, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शेंगांनी."

सुनेने फोटो मोठा करून पाहिला. ओळ होती, ठसठशीत. तिने पत्र पुसून टाकलं, थंड झालेला चहा प्यायली, आणि एखाद्याला मोठं दुखणं निघाल्याचं सांगावं तशी म्हणाली, "आई, तुम्ही शिकलात. आता तुम्ही कामाच्या राहिला नाहीत."

बाईंनी वाद घातला नाही. ऐकताना पकडलं की बोर्डावरून उठवायचं, हा नियम एक्स्चेंजमध्येही होता. त्यांना तिथे कोणी पकडलं नव्हतं, एवढंच.

प्रश्न होता नव्या अडाण्याचा. बाईंचा लेक लिफ्टदुरुस्तीच्या कामावर जायचा आणि नऊ वर्षं या टेबलापासून लांब राहिला होता. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," त्याने सांगून पाहिलं.

"हेच तर हवंय," सासूसुना एकदम म्हणाल्या.

गळ, बगळा, कुबडी बाईंनीच त्याच्याकडून घोकून घेतली. "आणि अर्थ विचारायचा नाही," त्यांनी बजावलं.

"मी कशाला विचारू?"

"ती फोनवर बोलत असली की तिथे फिरकायचंही नाही."

रविवारी छत्तिसावं पत्र पहिल्यापासून सुरू झालं. बाई स्वयंपाकघरात होत्या, दार बोटभर उघडं. लेक बंद पडलेल्या लिफ्टसारखा अक्षराअक्षराला अडत होता. चौदावी झाली, पंधरावी झाली, सोळावी झाली.

सतराव्या ओळीच्या पहिल्याच अक्षराला आत मिक्सर सुरू झाला. भांड्यात काही नव्हतं, आवाजावरूनच कळत होतं.

"थांब," सून नवऱ्याला म्हणाली. तिने छापील ओळीवरचं बोट उचललं नाही. "तो बंद झाला की सांग."

दोघं थांबले. मिक्सर काही बंद होईना.